पेशी मरायचं औषध

आखाडा बाळापूरच्या किसनरावांचं एक ठाम म्हणणं होतं: आपल्याला काम एकदा सांगितलं की बस्स, दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही! गावात हे म्हणणं दुसऱ्या कुणाचं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. त्यामुळे लेकीनं जाताजाता एकच काम तीनदा सांगितलं, तेव्हा ते चांगलेच दुखावले.

लेक प्रियदर्शनी नांदेडला प्रयोगशाळेत संशोधन करायची. ऐन सुट्टीवर निघताना तिथला फ्रीज बंद पडला, म्हणून करंगळीएवढी एक बाटली बर्फात घालून ती घरी घेऊन आली होती. आता मैत्रिणीच्या साखरपुड्याला हिंगोलीला निघाली होती.

"बाबा, बाटली फ्रीजच्या मधल्या कप्प्यातून हलवायची न्हाई. कित्येक महिने वाट पाहिली तेव्हा आलीय. ही गेली तर माझं सगळं काम बोंबललं!"

"आगं, पण हाय काय ते?"

"अँटिबॉडी." बाहेर जीपवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. तिनं चपला घालता घालता सांगितलं, "सशाच्या रक्तातून काढतात. पेशीची मरायची वेळ आली की आत कास्पेस नावाचं प्रोटीन जागं होतं. ही त्याला जाऊन चिकटते. मग पेशी मरून राहिली का, ते आमाला कळतं!"

जीप गेली. किसनराव दारातच उभे राहिले.

माणसाच्या अंगात पेशी असतात, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना पेशी माहीत होती ती एकच, कळमनुरीच्या कोर्टातली! हळदीच्या रानातल्या बांधावरून थोरल्या चुलतभावाशी, व्यंकटरावांशी त्यांची केस चालू होती. लेक बालवाडीत होती तेव्हापासून! पेशीला जायचं, चहा प्यायचा, पुढची तारीख घेऊन परत यायचं. आणि आता लेक म्हणते, पेशी मरते! शिवाय "केस पेश" असंही ती म्हणाली होती, त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आणि पेशी तर उद्यावरच आली होती!

"आता कोर्टाचं बी औषध निघालं!" त्यांनी बायकोला, द्वारकाबाईंना सांगितलं.

"काहून? कोर्टाला काय झालं?"

"आगं, केस पेश झाली की हे चिकटतं, अन् पेशी जगते का मरते ते बराबर कळतं! अँटिबॉडी म्हनतात. सशाच्या रक्ताची! उद्या थर्मासात बर्फ भर अन् ती बाटली ठेव त्यात."

द्वारकाबाईंना यातलं काही कळलं नाही. पण न कळलेली गोष्ट पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती. संध्याकाळी पिठाच्या गिरणीवर त्यांना जाऊबाई भेटल्या, व्यंकटरावांच्या अनुसयाबाई. केस नवऱ्यांची होती, जावांची नव्हती. गिरणीच्या घरघरीत अनुसयाबाईंना एवढंच ऐकू आलं: सशाचं रगत, पेशी, मरते, आणि बॉडी!

आमच्याकडे बॉडी म्हणजे दवाखान्यातून पांढऱ्या कापडात गुंडाळून आणतात ती. अनुसयाबाई दळण तिथंच टाकून घरी पळाल्या.

"अवो, उद्या पेशीला जाऊ नका! किसनभावजींनी सशाचं रगत आणलंय. कोर्टात बॉडी पाडणार हायेत!"

"कोनाची?"

"तिथं तुमच्याबिगर दुसरं कोन हाय?"

सकाळी द्वारकाबाईंनी स्वतःच्या हातानं थर्मास भरून दिला. किसनराव तो लेकरासारखा छातीशी धरून कोर्टात पोचले. व्यंकटरावही आले होते, पण थेट फाटकापाशी उभे. किसनराव मधूनच झाकण उघडून आत डोकावायचे, आणि तिकडे व्यंकटराव एक पाऊल मागं सरकायचे. शेवटी फाटकाबाहेर जायची वेळ आली, तेव्हा त्यांनी विचारलं, "किसना, काय हाय रे त्यात?"

"केस पेश होऊ द्या दादा, मंग दिसंल. मरायची वेळ ठरलेलीच असते म्हनं."

व्यंकटरावांना दरदरून घाम फुटला. "तो बांध तूच घे! बांधावरचं लिंबाचं झाड बी घे! पन मला लेकरं हायेत रे!"

बांधाचा आणि लेकरांचा काय संबंध, हे काही किसनरावांना उमगेना. "लेकरं मला बी हायेत की, दादा."

हा काही ऐकत नाही, असं समजून व्यंकटरावांनी वकिलाकडे धूम ठोकली. तडजोड झाली, सह्या झाल्या! दोन्ही वकिलांची तोंडं दुभती म्हैस मेल्यासारखी उतरली. सुटलो एकदाचा, म्हणून व्यंकटरावांनी धाकट्या भावाला कडकडून मिठी मारली, आणि थर्मास सटकला. खळ्ळकन!

आतली काच फुटली, बाटलीही फुटली. पायरीवर नुसतं पाणीच पाणी. व्यंकटरावांनी एका उडीत फाटक गाठलं. किसनराव मात्र मटकन खाली बसले. एवढ्या वर्षांनी बांध मिळाला होता, पण त्यांना रडू येत होतं. पोरीला आता काय सांगायचं?

संध्याकाळी प्रियदर्शनी आली.

"पोरी, तुझं औषध बराबर हाय. पेशी मेली." त्यांनी रिकामा थर्मास पुढं केला. "पन बाटली बी मेली. तो बांध परत देऊन तसली दुसरी मिळंल का गं?"

प्रियदर्शनीचा चेहरा पांढरा पडला. द्वारकाबाई उठल्या आणि त्यांनी फ्रीज उघडला. मधल्या कप्प्यात करंगळीएवढी बाटली जशीच्या तशी!

"पोरीनं तीनदा सांगितलं व्हतं, हलवू नका. तुमी न्हाई ऐकलं, म्या ऐकलं."

"मंग थर्मासात काय व्हतं?"

"माझ्या डोळ्यात घालायचं औषध. डॉक्टरनं काचेच्या दोन बाटल्या दिल्त्या."

प्रियदर्शनी हसून हसून खाली बसली. मग तिनं शांतपणे, पहिल्यापासून, कोर्टाचं नाव न घेता, पेशी म्हणजे काय ते सांगितलं. किसनरावांना या वेळी सगळं कळलं. एकच कळेना, मग ती पेशी मेली कशानं?

तेवढ्यात कडी वाजली. दारात व्यंकटराव! इकडंतिकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "किसना, मेव्हण्यासंगं माझी एक पेशी हाय हिंगोलीला. ते... थोडं उरलं असंल का?"

किसनरावांनी त्यांना ओट्यावर बसवलं. मग आत वळून म्हणाले,

"आगं, तुझ्या डोळ्याला आता बरं हाय ना?"