बिनगाण्याचा खून

"डोळे मिटून काम करतो आपण!" कात्री सोफ्यावर पाय पसरून बायकोला म्हणाला. तो सिनेमाचा संकलक. कात्री हे नाव स्टुडिओनेच पाडलेलं. त्या दिवशी दिग्दर्शकसाहेबांचा हिंदी खूनपट जगभर ऑनलाइन लागला होता, आणि तो पाठवला होता कात्रीने. "हा चालला की मी मुख्य संकलक. साहेबांनी शब्द दिलाय!"

"ते ठीक आहे, पण गाणी कुठायत रे?" टीव्हीसमोरून बायकोने विचारलं.

"भरपूर आहेत की!"

"अर्धा सिनेमा संपला. एक नाही."

कात्री ताडकन उठला. बघतो तर काय! नायिका पिवळ्या साडीत दाराबाहेर गेली आणि पापणी लवायच्या आत निळ्या साडीत परत आली! मधलं बर्फातलं गाणं गायब!

आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सबटायटलं लिहिणाऱ्या बाईंसाठी तो एक बिनगाण्याची प्रत काढत असे, कारण गीतकार आपल्या ओळींना कुणाला हात लावू देत नसत, भाषांतरही स्वतःच करत. नेमकी तीच प्रत जगाला गेली होती!

"असू दे की. गोष्ट कळतेय," बायको म्हणाली.

"अगं बाई, खुनी माळी शेवटच्या गाण्यात पकडला जातो!"

आता बायकोनेही कपाळावर हात मारला. मुख्य संकलक राहिलं बाजूला, आहे ती नोकरी वाचली तरी मिळवली! माफी मागायला म्हणून कात्रीने फोन उचलला आणि जाता जाता प्रेक्षकांचे अभिप्राय उघडले. आणि तो वाचतच राहिला.

सातासमुद्रापलीकडून माणसं लिहीत होती. 'हिंदी सिनेमा, आणि एकही गाणं नाही! काय ही हिंमत!' दूरच्या बर्फाळ मुलखातल्या एका दंतवैद्याने सिनेमा पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला होता. 'साडीचा रंग बदलतो तिथे तिला खुनी कळलेला असतो. एक शब्द न बोलता! मी थरथरतोय.' एक आजीबाई लिहीत होत्या, 'खुनी कोण हे न सांगणारा दिग्दर्शक आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आमचं अख्खं घर भांडतंय. धन्यवाद!'

कात्रीने फोन बायकोपुढे धरला. "अगं, हे आपण केलं?"

"चुकून केलंस," बायको म्हणाली, पण तीही डोळे विस्फारून वाचत होती.

इतक्यात बेल वाजली. दारात खुद्द दिग्दर्शकसाहेब! डोळे लाल, केस उभे. कात्रीने थेट हातच जोडले. "साहेब, चूक झाली. माझ्या लेकराबाळांकडे बघून..."

"तुला लेकरं कुठायत?" साहेब आत येऊन धपकन बसले. "त्या दंतवैद्याने खुनी शोधून काढलाय, वाचलंस? खून माळ्याने नाही रे केला, नायिकेच्या डॉक्टरने केलाय! मी लिहिला सिनेमा, आणि मलाच पत्ता नाही! आपण भलत्याच माणसाला पकडत होतो!" त्यांनी कात्रीचे जोडलेले हात धरले. "आजपासून तू मुख्य संकलक. पुढचा सिनेमाही बिनगाण्याचाच."

कात्रीचा जीव भांड्यात पडला. "मग गीतकारांना नको म्हणून कळवू?"

"वेडा आहेस का? दुप्पट गाणी लिहायला सांगितलीत त्यांना," साहेब म्हणाले. "ती आधी शूट करू, डोंगरावर, समुद्रावर, सगळीकडे. गाणीच नसतील तर तू कापणार काय?"