काजळी आणि पांढरे गणवेश

"साहेब, आपलं इंजिन नुसता धूर सोडत नाही, वाफ कमावतं वाफ!" सेकंड इंजिनिअरने छाती फुगवून सांगितलं. इंजिनाचा तापलेला धूर धुराड्यातून वाया जाण्याआधी नळ्यांच्या एका जुडग्यातून जायचा आणि तिथे पाण्याची वाफ व्हायची. जहाजाचं इंधन पातळ ठेवण्यापासून आंघोळीच्या पाण्यापर्यंत सगळं त्या फुकटच्या उष्णतेवर! कंपनीचे तपासनीस खास तेच पाहायला जहाजावर आले होते, आणि त्याची बढती त्यांच्याच सहीवर अडली होती.

पण बंदरात जागा नव्हती, म्हणून दोन दिवस जहाज रखडत चाललं होतं. इंजिन असं मंद चाललं की नळ्यांवर काजळी साचते, आणि काजळी पेटली की अख्खं जुडगं वितळतं. दुपारी त्याने तापमापक पाहिला. नेहमीपेक्षा चाळीस अंश जास्त! पाच मिनिटांनी पन्नास!

"काका, पेटली का हो?" त्याने इंजिनाला तेलपाणी करणाऱ्या म्हाताऱ्या ऑइलरला विचारलं.

"अजून नाही. पण असेच बघत बसलात तर पेटेल."

उपाय एकच. वाफेचा जोरदार फवारा मारून काजळी धुराड्यातून बाहेर उडवायची. त्याआधी वर, जिथून जहाज हाकतात त्या ब्रिजवर विचारायचं, असा नियम. त्याने फोन उचलला. शेजारी इंजिन असं धडधडत होतं की स्वतःचाच आवाज ऐकू येईना.

"काजळी काढू का?" तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

"आत्ता नको! आधी डेकवर फोटो काढू द्या!" वरचा अधिकारी म्हणाला.

याच्या कानात शिरलं एवढंच: "आत्ता... काढू द्या!"

त्याने झडप उघडली. वाफ सुसाट सुटली. काटा थरथरला, थांबला आणि हळूहळू उतरू लागला. "सुटलो!" म्हणत तो मटकन खाली बसला, तोच फोन वाजला.

"कॅप्टन बोलतोय. वर या."

आवाज नको इतका शांत होता. हा जिना चढून वर गेला.

डेकवर बावीस माणसं ओळीने उभी होती. तपासनिसांसोबत फोटो काढायचा म्हणून सगळे कडक इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशात आलेले. आता त्यातला कॅप्टन कोण आणि स्वयंपाकी कोण, हे त्यांच्या आईलाही सांगता आलं नसतं! तपासनिसांनी चष्मा काढला. तेवढीच दोन उजळ वर्तुळं दिसली.

"तापमान किती होतं?" वर्तुळांनी विचारलं.

"साठ अंश जास्त, साहेब."

"आणि आता?"

"नेहमीइतकं."

तपासनिसांनी चष्म्याच्या काचा बाहीला पुसल्या; त्या आणखीच काळ्या झाल्या. याने मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

"मग बरोबर केलंत," ते एकदाचे म्हणाले. "पेटलं असतं तर आपण सगळे फोटोत नाही, बातमीत दिसलो असतो. या, असे मध्ये उभे राहा. आणि हसा!"

बढतीचं पत्र आणि तो फोटो एकदमच घरी पोहोचले. बायकोने पत्र बाजूला ठेवलं आणि फोटो उजेडात धरून नीट न्याहाळला.

"अहो, हे बाकीचे बिचारे राबून राबून काळेठिक्कर पडलेत. तुम्हीच एकटे कसे कोरे करकरीत? जहाजावर काही काम करता, की नुसते फिरता?"