दोन चित्रं आणि मूठभर तूर

निलंग्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, संगमेश्वरशेठच्या आडत दुकानात सगळं होतं. गादी होती, लोड होते, इलेक्ट्रॉनिक काटा होता, थंड पाण्याचं मशीनसुद्धा होतं. नव्हता तो फक्त मूळ पुरुषाचा फोटो. मोंढ्यातल्या प्रत्येक दुकानात गादीच्या वर हार घातलेला एक म्हातारा असतो आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडं संशयानं बघत असतो. संगमेश्वरशेठच्या गादीच्या वर एक खिळा होता. नुसता खिळा. दुकान काढणारे पणजोबा चन्नबसप्पा यांनी जन्मात फोटो काढून घेतला नव्हता. माल घेऊन आलेला शेतकरी बसल्या बसल्या वर बघायचा आणि विचारायचा, "शेठ, घड्याळ दुरुस्तीला दिलंय का?" हा प्रश्न शेठ तीस वर्षं ऐकत होते आणि दर वेळी तो त्यांच्या जिव्हारी लागत होता.

समाधान एकच होतं. रस्त्याच्या पलीकडं समोरच गुंडप्पाशेठचं दुकान होतं आणि तिथंही खिळाच होता. गुंडप्पांचे पणजोबा मलप्पा आणि चन्नबसप्पा या दोघांनी एकाच दिवशी समोरासमोर दुकानं काढली होती. चन्नबसप्पांनी तुरीचं, मलप्पांनी हरभऱ्याचं. पुढं कधीतरी दोन्ही घरांत भांडण झालं. ते कशावरून झालं हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं, पण दोन्हीकडून इमानदारीनं चालू होतं.

यंदाच्या बसव जयंतीला दोन्ही दुकानांना शंभर वर्षं पुरी होत होती. संगमेश्वरशेठना घास गोड लागेना.

"शंभर वर्षं झाली म्हणून लोकांना बोलवायचं आन् हार काय खिळ्याला घालायचा?"

आणि तेवढ्यात पेपरात बातमी आली. लातूरच्या नव्या चित्रसंग्रहालयात निजामाच्या काळातल्या एका फिरत्या चित्रकाराची चित्रं लागली होती आणि त्यात 'निलंग्याचे व्यापारी, चन्नबसप्पा आणि मलप्पा' अशी दोन चित्रं होती. वारसांनी येऊन ओळख पटवावी, चित्राखाली नाव लावण्यात येईल आणि वारसांना चित्राची मोठी प्रत देण्यात येईल, असंही छापलं होतं.

"अहो, मुखेडच्या आत्यांना संगं घ्या की," शेठच्या पत्नी अंबिकाबाई म्हणाल्या. "पणज्याला बघितलेलं माणूस आता त्येंच्याशिवाय कोण उरलंय?"

"आत्याला मोतीबिंदू हाय. आपरेशन व्हायचंय आजून. मोतीबिंदूवाल्या माणसाला चित्र दावायला न्यायचं? डोस्कं फिरलंय का तुझं?"

"मग वळखणार कोण?"

"कोण म्हंजे? मी! अगं, अख्ख्या मोंढ्याला माल वळखून देतो मी. घरचा पणजा वळखता येईना का मला?"

या ठामपणाला कारण होतं. शेठसारखी पारख मोंढ्यात दुसऱ्या कुणाची नव्हती. शेतकऱ्यानं पोत्यातला माल त्यांच्या तळहातावर टाकला की ते दाणे डोळ्याजवळ न्यायचे, फुंकर मारायचे, एक दाणा दाताखाली धरायचे आणि माल औरादकडचा का कासारशिरशीकडचा ते सांगून मोकळे व्हायचे. त्यात ते कधी चुकले नव्हते. आता ज्याला तूर कळते त्याला चित्रकला कळलीच पाहिजे, याबद्दल त्यांच्या मनात बिलकूल शंका नव्हती.

शेठ आणि अंबिकाबाई संग्रहालयात पोचले तर चित्रांसमोर आधीच एकजण पाठमोरा उभा होता. हातात भिंग. पाठ बघूनच शेठचं तोंड कडू झालं. गुंडप्पाशेठ!

दोघांनी एकमेकांना बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. मधे संग्रहालयाच्या पुनम मॅडम उभ्या होत्या. त्यांना वाटलं, गावाकडची दोन माणसं भेटली, आता गप्पा मारतील.

"या ना, दोघं मिळूनच बघा. एक चित्र तुमच्याकडचं, एक यांच्याकडचं, एवढं नक्की आहे. चित्रकारानं मागं तसं लिहून ठेवलंय, चन्नबसप्पा आणि मलप्पा. पण कोणतं कोणाचं ते लिहिलं नाही."

चित्रं होती झकास, पण चित्रकार मोठा हिकमती असावा. एक माणूस नीट काढायचा आणि दुसऱ्याला तोच वापरायचा असा त्याचा हिशेब दिसत होता. दोघांना तोच पटका, त्याच मिश्या, कपाळावर विभूतीचे तेच तीन पट्टे, गळ्यात लिंगाची तीच चांदीची डबी. दोघंही गादीवर बसलेले, उजवा तळहात पुढं केलेला आणि नजर तळहाताकडं.

"डावीकडचं आमचं," संगमेश्वरशेठनी सांगून टाकलं. "नाक बगा. आमच्या घराण्याचं नाक सरळ हाय."

"मग आमचं काय वाकडं हाय का?" गुंडप्पाशेठ भिंतीकडं बघत म्हणाले. "मॅडम, कान बगा म्हणाव. आमच्यात कानाची पाळी लांब असती."

"अहो, कान पटक्याखाली गेलेत की दोघांचे," अंबिकाबाई म्हणाल्या.

"तू गप गं. मॅडम, आमच्या घरात पोट सुटत न्हाई कुणाला."

यावर पुनम मॅडमनी शेठच्या पोटाकडं बघितलं, अंबिकाबाईंनी बघितलं, भिंगातून गुंडप्पाशेठनीही बघितलं. शेठनी पोट आत घेतलं आणि ते पुढचा अर्धा तास तसंच धरून ठेवलं. हळूहळू गर्दी जमली. सहलीला आलेल्या चार बायका नाकं तोलायला लागल्या. कुणी म्हणालं डावीकडच्याचे डोळे संगमेश्वरशेठसारखे आहेत, कुणी म्हणालं खाली बघणाऱ्या माणसाचे डोळे दिसतातच कुठं. गुंडप्पाशेठ चित्राशेजारी त्याच पोजमधे उभे राहिले. संगमेश्वरशेठही दुसऱ्या बाजूला उभे राहिले. त्यानं गोंधळ वाढला एवढंच.

"चित्राला हात लावू नका, प्लीज," मॅडम तिसऱ्यांदा म्हणाल्या.

आणि मग संगमेश्वरशेठच्या डोक्यात उजेड पडला.

"थांबा! आरं, आपण तोंडं काय बघत बसलाव? हातातला माल बगा की!"

सगळे वाकले. शेठनी गुंडप्पाशेठच्या हातातलं भिंग न विचारता घेतलं. भांडण झाल्यापासून त्या घरातून या घरात आलेली ही पहिली वस्तू.

"डावीकडच्याच्या हातात बगा. लाल, बारीक, गोल दाणा. ही तूर! आन् उजवीकडच्याच्या हातात? दाण्याला चोच हाय. हरभरा! गावरान. मॅडम, आमचा तुरीचा धंदा शंभर वर्षांचा. निघाला का न्हाई आमचा पणजा?"

गुंडप्पाशेठनी भिंग परत घेतलं, बघितलं, पुन्हा बघितलं. हरभऱ्याच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"हरभराच हाय," ते म्हणाले. "उजवीकडचे आमचे."

दोन्ही घरांचं भांडणानंतर प्रथमच एकमत झालं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुनम मॅडमनी कागदांवर दोघांच्या सह्या घेतल्या. आठवड्याभरात चित्रांखाली नावं लागली, डावीकडं चन्नबसप्पा, उजवीकडं मलप्पा, आणि पितळी पट्ट्यांवर ती अशी कोरली की पुसायची सोय राहिली नाही.

पुढं शेठनी वेळ घालवला नाही. चित्राच्या प्रतीला सागवानी चौकट केली. मोंढ्याच्या कमानीवर फ्लेक्स लागला. कॅलेंडरं छापली, दोन हजार, आणि ती पार उमरीपासून उदगीरपर्यंत व्यापाऱ्यांच्या भिंतींवर जाऊन पोचली. गुंडप्पाशेठनी डायऱ्या छापल्या. अंबिकाबाई मधेच एकदा म्हणाल्या, "आत्याचं आपरेशन झालंय म्हणं. एकदा दावून तर घ्या त्येंना." शेठ म्हणाले, "दावू की. कार्यक्रमालाच दावू. खुश होऊन जाईल म्हातारी."

बसव जयंतीला दुकान फुलांनी भरलं. समोर गुंडप्पाशेठकडंही तोच मुहूर्त. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्या, नीलाबाई, मुखेडहून आल्या, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात नव्या डोळ्यांचा उत्साह. येताना त्यांनी वाटेतल्या सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचत आणल्या होत्या. शेठनी त्यांना हाताला धरून गादीपाशी आणलं, पडदा बाजूला केला, हार घातला. लोकांनी हात जोडले.

"आत्या, बगा कोण आलंय घरी!"

नीलाबाईंनी चष्मा वर केला. बघितलं. मग पदरानं डोळे पुसून पुन्हा बघितलं.

"अव्वा! हे तर मलप्पा आज्जा की रे!"

दुकानातले हात जोडलेलेच राहिले.

"आत्या, हळू बोला. हे चन्नबसप्पा हायेत."

"तू मला शिकवतोस व्हय? ह्येंच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीय मी. बत्तासे देयाचे मला. आपला आज्जा कुठाय? आन् हार कामून घातलास परक्या माणसाला?"

"आत्या," शेठ त्यांच्या कानाशी गेले, "आवो, हातात तूर हाय बगा! तूर! तूर आपली का त्येंची?"

"तूर आपलीच हाय."

"मग?"

"मग काय मग? येड्या, आपला माल आपण कवा हातावर घेऊन बघतो का? दुसऱ्याचाच बघतो की न्हाई? मलप्पा आज्जा रोज सकाळी आपली तूर बघायचे, आन् आपला आज्जा त्येंचा हरभरा बघायचा. दोघांनी एकमेकाला बरोबर हाय म्हणलं तरच दुकानं उघडायची. खराब माल म्हणून गेला न्हाई कवा ह्या मोंढ्यातून. चित्र काढणाऱ्यानं तेच काढलंय. आन् तू आडत्या ना रे? तुला एवढं बी कळंना?"

शेठनी आपल्या तळहाताकडं बघितलं. त्याच दिवशी सकाळी त्यांनी एका शेतकऱ्याची तूर तळहातावर घेतली होती, डोळ्याजवळ नेली होती, फुंकर मारली होती. गेली तीस वर्षं ते रोज तेच करत होते, आणि त्या सगळ्या तुरीतला एक दाणाही त्यांचा नव्हता. पारखीचा सगळा अभिमान पायाखाली वितळल्यासारखा झाला. त्यांना मनापासून रडू आलं, पण समोर पेढ्यांचं ताट होतं आणि तीनशे माणसं होती.

"म्हाताऱ्या माणसाचं असंच असतंय," ते पाहुण्यांकडं वळून हसले. "घ्या, पेढे घ्या."

हवा घ्यायला म्हणून ते पायरीवर आले. रस्त्याच्या पलीकडं गुंडप्पाशेठ पायरीवर उभे होते आणि त्यांच्या मागं त्यांच्या आई, नव्वदीच्या सिद्धम्मा, ज्यांना चित्र आधी दाखवावं हे त्यांनाही सुचलं नव्हतं, आत भिंतीकडं बोट दाखवून काहीतरी जोरजोरात सांगत होत्या. गुंडप्पाशेठचा चेहरा डाग लागलेल्या हरभऱ्यासारखा झाला होता. दोघांची नजर भिडली. दोघांनाही सगळं कळलं. आणि दोघांनीही पोट आत घेतलं.

"छान दिसायलेत हो तुमचे पणजोबा," संगमेश्वरशेठ मोठ्यानं म्हणाले.

"तुमचे बी झकास दिसायलेत अण्णा," गुंडप्पाशेठ म्हणाले आणि आत गेले.

चूक कबूल करायची तर आधी कुणी करायची? फ्लेक्स कुणी उतरवायचा? दोन हजार कॅलेंडरं परत कशी आणायची? आणि लातूरची ती पितळी पट्टी? संगमेश्वरशेठनी ठरवलं, गप बसायचं. गुंडप्पाशेठनीही तेच ठरवलं. फक्त म्हाताऱ्यांना गप बसायला कुणी सांगायचं, हे दोघांनाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलाबाई काठी टेकत सरळ रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेल्या, तिथल्या भिंतीवरच्या आपल्या आज्ज्याला विभूती लावली आणि "कसा हायेस?" असं विचारून परत आल्या. त्याच वेळी सिद्धम्मा इकडं आल्या होत्या आणि सासरच्या आज्ज्यासमोर उदबत्ती लावत होत्या. तिसऱ्या दिवशी त्या दोघी रस्त्याच्या मधोमध भेटल्या आणि तिथंच बोलत उभ्या राहिल्या. दोन्हीकडं ट्रॅक्टर थांबले. हॉर्न वाजले. दोघींना काही पडलेलं नव्हतं.

"किती दिवस चालायचं हे?" अंबिकाबाईंनी नवऱ्याला विचारलं. "म्हाताऱ्या गाडीखाली येतील एखाद्या दिवशी."

शेठ गादीवर बसून वर बघत होते. मलप्पा खाली मान घालून तूर बघत होते. इतक्या दिवसांत शेठना आता त्या चेहऱ्याची ओळख झाली होती. माणूस वाईट नसावा. दुसऱ्याच्या मालाकडं इतक्या मायेनं कोण बघतं?

पुढच्या सोमवारी सकाळी पायरीवर सावली पडली. गुंडप्पाशेठ होते. भांडण झाल्यापासून त्या घरातला पुरुष या पायरीवर चढला नव्हता. त्यांच्या हातात रुमालाची एक पुरचुंडी होती. ते बसले नाहीत. भिंतीकडं एकदा बघितलं, चटकन नमस्कार केला आणि खाकरले.

"हरभरा आलाय नवा," ते म्हणाले. "म्हणलं, तुमची पारख चांगली हाय. एकदा नजर घाला."

संगमेश्वरशेठ उठले. त्यांनी उजवा तळहात पुढं केला. गुंडप्पाशेठनी त्यावर हरभरा ओतला. शेठनी दाणे डोळ्याजवळ नेले, फुंकर मारली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते भुसा गेल्यासारखं करून पुसलं.

"एक नंबर माल हाय," ते म्हणाले. मग हमालाला हाक न मारता स्वतःच पोत्याकडं गेले आणि मूठभर तूर आणून गुंडप्पाशेठच्या तळहातावर ठेवली. "आता आमची बगा की."

मलप्पांच्या चित्राखाली दोघं मान खाली घालून, तळहात पुढं करून उभे राहिले. अंबिकाबाईंनी पटकन मोबाईल काढला आणि फोटो घेतला.

कोपऱ्यात बसलेल्या नीलाबाई म्हणाल्या, "सूनबाई, त्या फोटोच्या मागं दोघांची नावं लिवून ठेव. कोण कुणाचा, नीट लिव. ह्येंची पतवंडं बी असलीच हुशार निघणार."