आत्याबाईचा कान आणि दोन इंजिनांची बोट

आमची आत्याबाई गावाला निघाली की पिशवीत एक लुगडं, चष्म्याचं घर आणि एक लाटणं असायचंच. लाटणं पोळ्यांसाठी नव्हे हो, इंजिन ऐकायला! एक टोक चालत्या इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. भोवती चार-पाच शेतकरी श्वास रोखून उभे. आत पेशंट आहे आणि ही मोठी डॉक्टरीण.

नाचणगावात तिची पिठाची चक्की होती, डिझेल इंजिनावर चालणारी. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. वीस वर्षं, बहुतेक काळ घरात ती आणि ते इंजिन, दोघंच. त्यामुळे इंजिनाला कुठं दुखतंय हे तिला बरोबर कळे. आजूबाजूच्या गावांत कोणाला विहिरीवर बसवायला जुनं इंजिन घ्यायचं असलं की माणूस आधी तिच्या दारात. तिच्या हातचा चहा पिऊन मग सौदा.

तुम्हाला वाटेल बाई धीट असेल. छे! एवढं भित्रं माणूस मी जन्मात पाहिलं नाही. "मले त भेवच लागते बाप्पा!" हे दिवसातून पन्नास वेळा. एस.टी.त ड्रायव्हरच्या मागची जागा धरायची आणि विचारायचं, "बाबू, ब्रेक पाह्यला का सकाळी?" घरी गॅस आला, तर पेटवायला शेजारीण आणि ही अंगणात, तेही गेट उघडून ठेवून.

पण तिचं हे भेवच कामाचं होतं. इंजिनापाशी गेली की पहिले त्याच्यावर तळहात ठेवायची. कोमट लागलं की संपलं. "आमी यायच्या आधीच चालवून ठेवलं वाट्टे? थंडं असलं की उठत नाई का?" मालकाचा चेहरा पाहण्यासारखा. मग तेलाची पट्टी काढून बोटात चोळायची. तेल ताकासारखं पांढुरकं निघालं की, "पानी घुसलं हाय आत," म्हणून चपला घालायला लागायची. भीड म्हणून कधी खोटं बोलली नाही. सख्ख्या दिराचं इंजिनसुद्धा तिनं नापास केलं, चार वर्षं बोलणं बंद होतं त्यापायी.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ मधुकर एक वेड घेऊन आला. सव्वीस वर्षांचा होता. आमची आई गेल्यावर तो दोन-तीन वर्षं आत्याबाईकडेच वाढलेला.

"आत्याबाई, बोट घेऊन राह्यलो!"

"कोनती बोट?"

बोट होती धरणावर. मुंबईच्या कोण्या शौकीन शेठनं समुद्रात मोठाले मासे गळाला लावायला ती बांधून घेतली होती. हौस फिटल्यावर विकली, ती धरणाच्या एका कंत्राटदारानं ट्रकवर घालून आणली. त्याचं काम संपलं, आता तो विकत होता. मधुकर त्यात धरणातली मासेमारी करणार आणि पलीकडच्या गावांतली माणसं बाजाराला ने-आण करणार. त्याचं ठरलंच होतं. फक्त म्हणाला, "इंजिनं दोन हायेत. तू हो म्हन, आजच सौदा करतो. तू नाई म्हटलं त नाई."

बस, एवढ्या शब्दावर सगळं टांगलेलं. आम्ही तिघं गेलो.

बाई गं, काय ती बोट! आमच्या घरापेक्षा लांब. वर काचेची खोली, मागं गळ धरून बसायला गोल फिरणारी खुर्ची, तिला पट्टेसुद्धा. आत्याबाई म्हणाली, "मासा धरायले मानसाले बांधून ठेवतेत? मग मासा केवढा असन बाप्पा!" आणि फळीवरून चढताना तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

इंजिनं खाली होती. झाकण उचललं तर विहिरीसारखा काळोख आणि डिझेलचा भपकारा. ती त्यातही उतरली. तळहात ठेवला: थंडगार. तेल चोळलं: स्वच्छ. कंत्राटदाराच्या माणसानं दोन्ही सुरू केली, पहिल्या झटक्यात. धूर थोडा निघाला आणि विरला.

"बरं हाय ना?" मधुकर वरून.

"बोट उभी असली त काय समजते? ओझं ओढताना ऐका लागते," ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिचा चेहरा उतरला. कारण ओझं ओढायचं म्हणजे पाण्यात जायचं.

गेलो. काठ लहान होत गेला. दोन्ही बाजूंना नुसतं पाणी, खाली बुडालेलं गाव असल्याचं तो माणूस मजेत सांगत होता. मी लाटणं कानाला लावून पाहिलं. मला काय कळतंय, पण आवाज एकसारखा, मांजर झोपल्यासारखा. मग त्या माणसानं ऐन मध्यावर दोन्ही इंजिनं बंद केली. "गरम असतानी कसं उचलते पाहा!"

ते अर्धं मिनिट मी विसरणार नाही. सगळं चूप. पाणी लाकडाला चापट्या मारत होतं. मधुकर कडेवरून ओणवा होऊन पाण्यात कोपरापर्यंत हात घालून हसत होता. आत्याबाई इंजिनाकडे पाहतच नव्हती.

"याले पोह्यता येते का वं?" तिनं हळूच विचारलं.

"नाही."

इंजिनं परत लागली, एका झटक्यात. तिनं लाटणं टेकवलं, डोळे मिटले. काठाला लागेपर्यंत डोळे उघडले नाहीत. उतरल्यावर म्हणाली, "डाव्याचं बेअरिंग गेलं. नको घेऊ."

तो माणूस भांडला, मधुकरनं मान खाली घातली. पण शब्द म्हणजे शब्द. परतताना मधुकर गाडीत पुढं जाऊन बसला. मी तिला विचारलं, "खरंच गेलं होतं?"

तिनं पुढं बसलेल्या मधुकरकडे एकदा पाहिलं. "दोन्ही इंजिनं सोन्यासारखी होती," म्हणाली. "इंजिनाचं मले समजते वं. पान्याचं काईच समजत नाई. त्याले सांगजो नको."

ती बोट आर्वीकडच्या एका व्यापाऱ्यानं घेतली. सात-आठ वर्षं चालली, एकदासुद्धा बंद पडली नाही. ही गोष्ट लपणारी थोडीच! मधुकरनं पुलगावात धान्याचं दुकान टाकलं, तेही बरं चाललं, पण त्याच्या मनातून बोट गेली नाही. एकदा चारचौघांत तिला म्हणाला, "आत्याबाई, कान गेला वाट्टे तुहा!"

तिनं कानावरचा पदर सारखा केला. "गेला बाप्पा," म्हणाली. "कमी ऐकू येते आता."

त्यानंतर तिनं कोणाचं इंजिन ऐकलं नाही. लोक यायचे, दारातून ओरडायचे, ती हात हलवून "ऐकू नाई येत" म्हणायची. हळूहळू यायचे थांबले. मी एकदा चिडून म्हटलं, "काऊन करतेस असं? चांगला कान आहे तुझा." तर म्हणे, "एक डाव खोटं बोलली ना मी. आता लोकाइनं भरोसा काऊन ठेवावा?"

मधुकर मात्र दर रविवारी जायचा. त्याची सायकल गल्लीच्या तोंडाशी आली की ही आतून उठायची, चहाचं आधण ठेवायची आणि पुन्हा येऊन गुपचूप भिंतीला टेकायची. तो यायचा, तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचा, "आत्याबाई, बरी हायस का?"

तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय ती उत्तर द्यायची नाही.