मेव्हण्याचे दोन स्पीकर

रेकॉर्डच्या पाकिटामागे वाजवणाऱ्यांची नावं छापणाऱ्या साहेबा, तू कोण आहेस ते माहीत नाही, पण थंडर बे गावच्या लॉर्न कुसिस्तोचे तीन हिवाळे चोरलेस ते तूच. 'गिटार' या शब्दापुढे एकच नाव छापलंस आणि मोकळा झालास. पुढे काय झालं ते ऐक आता.

गावात धड बँड एकच, मरे ड्रमवाल्याचा. त्यातला गिटारवाला लग्न करून विनिपेगला गेला. मरेनं जाहीर करून टाकलं, की कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड घसरवायच्या खेळाच्या, क्लबात शनिवारच्या कार्यक्रमात जो 'बर्फाखालचं शहर' वाजवून दाखवेल, त्याला ती जागा.

'बर्फाखालचं शहर' ही नऊ मिनिटांची, शब्द नसलेली धून. साधं गाणं चार मात्रांत चालतं, पाय आपोआप हलतो. ही सातात चालायची, मध्येच अकरात शिरायची आणि ताल धरणाऱ्याला तोंडावर पाडायची. लॉर्न तीन हिवाळे तिच्या मागे होता. धान्याच्या कोठारातल्या कामावरून आला की तळघरात उतरायचा, वडिलांच्या जुन्या, एका स्पीकरच्या रेकॉर्डप्लेयरवर रेकॉर्ड निम्म्या वेगानं लावायचा, सुई उचलायचा, परत तिथेच ठेवायचा. निम्म्या वेगात गिटार हंबरते.

"खाली गाय विते आहे का रे?" बायको डोरीन जिन्यातून ओरडायची.

सूर इतके दाट होते की दोन हातांत मावत नव्हते. पण पाकिटावर नाव एकाचं होतं. एका माणसाला जमतं, तर दुसऱ्याला का नाही? लॉर्न डाव्या अंगठ्यानं वरून तार दाबायला शिकला. उजव्या हाताची बोटंही गिटारीच्या गळ्यावर आपटायला शिकला. बोटांची सालं गेली, पण धून बसली.

आणि त्याच आठवड्यात डोरीन बटाटे वाढता वाढता म्हणाली, "गार्थचीही बसली."

"काय बसली?"

"तुझी ती बर्फाखालची. महिन्याभरात! आई सांगत होती."

गार्थ म्हणजे डोरीनचा धाकटा भाऊ. लॉर्नचा घास तोंडातच राहिला. "त्यानं मागच्या पानगळीत गिटार घेतली! सूर लावायला माझ्याकडे यायचा तो!"

"आता तुझी तो लावून देईल."

लॉर्न जळला. लाकडाची वखार पेटावी तसा जळला. गार्थकडे नवीन गाडी होती, ते त्यानं सोसलं. कपाटाएवढ्या दोन स्पीकरांचा नवा स्टिरिओ आला, तेही दातओठ खाऊन सोसलं. पण ही धून? ही त्याची एकट्याची होती.

शनिवारी क्लब खच्चून भरला होता. आधी गार्थ चढला. सफाईदार वाजवलं, केस मागे फेकले, बायकांनी शिट्ट्या मारल्या. लॉर्ननं कान टवकारले आणि त्याला आनंदाच्या उकळ्या फुटू लागल्या. पठ्ठ्यानं अर्धे सूर गिळले होते!

"चोर!" तो डोरीनच्या कानात म्हणाला.

"गप बस. माझा भाऊ आहे तो."

मग लॉर्न चढला आणि सगळं वाजवलं. मान वर न करता, घाम पुसायला न थांबता, नऊ मिनिटं. संपलं तेव्हा टाळी नाही. मागून क्लबची मॅनेजर हालोनेनबाई ओरडली, "टेप कुठे लपवलायस?"

"कसला टेप?"

"दोघं वाजवत होते! आम्ही काय बहिरे आहोत?"

मरे स्टेजखाली शिरला. धूळ खात पडलेला, बर्फ घासायचा एक कर्लिंगचा झाडू तेवढा घेऊन बाहेर आला. मग त्यानं लॉर्नच्या गिटारीची वायर उपटून पुन्हा वाजवायला लावलं. स्पीकरमधून आवाज आला नाही.

"बघा!" हालोनेनबाई म्हणाली. "टेपसुद्धा बंद पडला!"

शेवटी लॉर्ननं वायर परत जोडली आणि बाह्या वर करून, मरेच्या नाकाखाली, त्याच धुनेचा एक तुकडा वाजवून दाखवला. मरे बघतच राहिला.

गार्थ पुढे आला. "दाजी, तुम्ही दोन्ही वाजवता?"

"दोन्ही काय दोन्ही?"

"अहो, रेकॉर्डवर गिटारी दोन आहेत! माझ्या डाव्या स्पीकरमधून एक येते, उजव्यातून दुसरी. पाकिटावरच्या त्या बाबानंच दोनदा वाजवून एकावर एक चढवल्यात. मी डावी तेवढी बसवली."

लॉर्न खुर्चीवर बसला. त्याच्या एका स्पीकरातून दोन्ही गिटारी एकत्र कालवून आल्या होत्या, आणि त्यानं ते कालवण तसंच्या तसं गिळलं होतं.

"म्हणजे जागा माझी," तो हळूच म्हणाला.

मरेनं डोकं खाजवलं. "हे बघ लॉर्न, तू एकट्यानं दोघांचं खाल्लंस तर बाकीच्यांनी काय टाळ्या वाजवायच्या? गार्थला लोकांनी शिट्ट्या दिल्या, तुझ्यासाठी स्टेज तपासलं. पहिली गिटार गार्थ. तुला दुसरी देतो, उजव्या स्पीकरची. निम्मंच काम, चैन कर."

पहिल्या तालमीला लॉर्ननं उजवी बाजू सुरू केली आणि चौथ्या सुराला हात आपसूक डावीत शिरले.

"दाजी, माझ्या ताटात हात घालू नका!"

"मुद्दाम नाही रे घालत!"

पुन्हा सुरू. पुन्हा तेच. मरेनं लॉर्नचा अंगठा चिकटपट्टीनं बांधला, तर उजवी बाजूही बंद पडली. त्या हातांत दोन धुनी वेगळ्या नव्हत्याच. गार्थ हसला नाही. त्याची नजर लॉर्नच्या बोटांवरून हलत नव्हती, आणि तिच्यातली जळजळ लॉर्ननं ताबडतोब ओळखली. तीन हिवाळ्यांत पहिल्यांदा त्याला गार वाटलं. पण जागा गार्थचीच होती.

"फक्त उजवं, लॉर्न!" मरे खेकसला. "अर्धं विसर!"

लॉर्ननं दातानं चिकटपट्टी फाडली आणि उठून उभा राहिला. "शिकवायला मला कोणी नव्हतं. माझं मी शिकलो. आता त्यातलं अर्धं विसरायचं कसं, ते तू शिकव. तुला येत नसेल तर ह्या गार्थला शिकवू दे. कोण शिकवतंय? बोला!"