बिनरंगाचा फोटो

वाडीत कुणाचाही सरकारी कागद अडला की तो माझ्याकडे येतो. हायस्कुलातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून मी, हरिश्चंद्र, म्हणजे एक फिरतं कार्यालयच आहे म्हणा ना! रेशनकार्डात सून घालायची, सासरा काढायचा, आधारला मोबाईल जोडायचा, सगळं मी करतो. तेव्हा दत्तूदादाचा एक फोटो मिळवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं निदान मला वाटत होतं.

दत्तूदादा म्हणजे दत्ताराम, माझा चुलतभाऊ. जन्मभर दशावतारात स्त्रीपार्ट केले त्याने. राणी होऊन तो वनवासाला निघाला की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर तोंडात कोंबून रडायच्या. गेल्या आषाढात, पावसामुळे नाटकमंडळाचे पेटारे बंद असताना, झोपेतच गेला. आयुष्यात कधी कुणाचा प्रयोग बुडवला नाही, जातानाही नाही बुडवला. माझा फार जीव होता हो त्याच्यावर!

बाराव्याला भिंतीवर फोटो हवा, आणि इथेच घोडं अडलं. जिल्ह्यातल्या निम्म्या मोबाईलमध्ये दत्तूदादा आहे, पण राणी म्हणून! गवळण म्हणून! अप्सरा म्हणून! बिनरंगाचा दत्तूदादा कुठेच नाही. लग्नातला फोटो वाळवीने खाल्ला. मतदानाच्या ओळखपत्रावर तर तोंडाच्या जागी निव्वळ काळा डाग. घरात कुणी मोबाईल उचलला की हा टॉवेल तोंडावर घ्यायचा आणि म्हणायचा, "रंग लावल्याबिगर फोटो कित्याक काढतास रे? ह्या तोंडात काय आसा बगण्यासारख्या?"

दादाची बायको, सुगंधावयनी, खांबाला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, माका दुसरा काय्येक नको. तेंचा तोंड व्हया. रंगाचा नको, घरातला. सकाळी चाय घेवक बसत ना, ता. इसरान जायन म्हणान भय वाटता."

मला भडभडून आलं. पण मी हेडक्लार्क! मी म्हणालो, "वयनी, रडू नकात! दादाचो फोटो सरकाराकडे आसा. आधार! बोटां, डोळे, तोंड, सगळा जपान ठेवल्यानी. उद्याच काढतंय."

दादाचं कार्ड काही घरात सापडेना. आधारची नवी प्रत काढायची म्हणजे मोबाईलवर ओटीपी येतो, आणि तो येणार दादाच्या मोबाईलवर. तो देवघरात, समईच्या बाजूला ठेवलेला. मी ओट्यावर बसून बटण दाबलं मात्र, आतून किंकाळी!

"भावजी! तेंच्या फोनार मेसेज इलो!"

वयनी मोबाईल घेऊन धावत ओट्यावर आल्या. त्यांना वाचता येतं, पण वाचायची हिंमत होईना. मी वाचून दाखवलं. हा क्रमांक कुणालाही सांगू नये, असं सरकारने दादाला बजावलं होतं. वयनी हिरमुसल्या आणि मोबाईल पुन्हा समईपाशी ठेवून आल्या.

तर प्रत मिळाली. फोटो बघितला. आता आधारवरचा फोटो तुम्हाला ठाऊक आहे. त्यात सज्जन माणूस भुरटा चोर दिसतो आणि भुरटा चोर दरोडेखोर! माझ्या स्वतःच्या आधारवर मी बुडून वर काढल्यासारखा दिसतो. त्यामुळे दादा दादासारखा दिसत नाही याचं मला काडीचं आश्चर्य वाटलं नाही. वयनींना दाखवावा म्हटलं, पण मग विचार केला, एकदम मोठा करून, फ्रेम घालूनच दाखवू. बाईला तेवढंच सुख!

मालवणच्या बाजारात एक फोटोवाला आहे. तो म्हणाला, "काका, फोटो जरा पुसट आहे. सफाई करू?"

"करा."

"केस काळे करू?"

"करा."

"कोट घालू?"

"घाला!" मी म्हणालो. बिचाऱ्याने जन्मभर लुगडी नेसली, मेल्यावर तरी कोट मिळू दे!

"मागे समुद्र की हिमालय?"

समुद्र काय, दाराशीच आहे. मी हिमालय घेतला.

फ्रेम आली ती थेट बाराव्याच्या सकाळी, वर्तमानपत्रात गुंडाळून. मीच खिळा ठोकला, मीच हार घातला, दोन पावलं मागे सरून मीच म्हणालो, "साक्षात दत्तूदादा!" घर पै-पाहुण्यांनी भरलेलं. आत्या आल्या, नमस्कार करून डोळे पुसू लागल्या. दादाचा मुंबईचा मेहुणा म्हणाला, "काय तेज आहे चेहऱ्यावर!" वयनी आतून आल्या, फोटोकडे बघितलं, थबकल्या, पदर तोंडाला लावला आणि परत आत गेल्या. मला वाटलं, उमाळा आला. माझेही डोळे भरले. आपल्या हातून एक चांगलं काम झालं म्हणून!

एवढ्यात गुरुदास आला, बायको जानकीला घेऊन. गुरुदास म्हणजे मंडळातला राजा. दत्तूदादा राणी आणि हा राजा, अशी अर्ध्या जन्माची जोडी. तो हात जोडून फोटोसमोर उभा राहिला. मग हात खाली आले. मग तो आणखी जवळ गेला.

"हरी, हो फोटो कोणाचो?"

"असा काय विचारतास? दत्तूदादाचो!"

"मग दत्तूच्या गालार माझो तीळ खंयसून इलो?"

मी बघितलं. जानकीने बघितलं. आणि तिने जो गळा काढला तो पार बंदरापर्यंत गेला असेल.

"गो बाय माझे! माझ्या घोवाक हार घातलो!"

मग काय विचारता! आत्या नमस्कार मागे घेता येतो का म्हणून भटजींना विचारू लागल्या. भटजींनी प्रसंगावधान राखून जाहीर केलं की जिवंत माणसाला असा हार पडला तर आयुष्य वाढतं. मेहुणा म्हणाला, तरीच तेज वाटलं! मी स्टुलावर चढून हार काढायला गेलो, तर हार, फ्रेम आणि खिळा, तिन्ही माझ्या अंगावर आले.

गुरुदास तसाच जमिनीवर बसला.

"शाळेत आधाराचा शिबिर लागला हुता," तो सांगू लागला. "रातभरचो आमचो खेळ, दहिकालो, फाटफटी संपलो आणि दत्तू रंगातच थय इलो. मशिनीवालो पोरगो म्हणालो, तोंड धुवन येवा. दत्तू बावीर गेलो. मागे ही मोठी लायन! त्याची जागा जायत म्हणान मी स्टुलार बसलंय. एस्टीत रुमाल टाकतत ना, तसो. पोरग्यान मान वर केल्यान नाय आणि खटाक करून फोटो काढल्यान. मगे दत्तू इलो. बोटां त्यान दिली, डोळे त्यान दिले. तोंड माझा गेला."

"आणि तुमी दोघंय गप ऱ्हवलास?" मी विचारलं.

"मी म्हटलंय, बदलून घे रे. तर दत्तू हसलो. म्हणालो, रोज राती मी दुसऱ्याचाच तोंड घेवन उभो ऱ्हवतंय, दिवसा एक तुझा! ऱ्हवांदे."

आणि राहिलं ते! रेशनच्या दुकानात अंगठा जुळत होता, सगळीकडे अंगठा जुळत होता. अंगठा जुळल्यावर तोंडाकडे बघतो कोण?

गुरुदास लहान मुलासारखा रडायला लागला. "मी तेवा उठलंय असतंय तर आज वयनीक तोंड गावला असता." वयनी बाहेर आल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून त्यालाच समजावू लागल्या.

मी म्हणालो, "वयनी, तुमी फोटो बगलास, तेवाच कित्याक बोललास नाय?"

"लोकां नमस्कार करत हुती, भावजी. तुमी पण रडत हुतास. म्हटला, खंय सांगू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हार मानेल तो हेडक्लार्क कसला? दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीने मी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला. या ऑफिसातून त्या ऑफिसात, वरून खाली, खालून वर. शेवटी एका खिडकीवरच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. फार सज्जन बाई. मी ऑफिसातल्या मराठीत अर्ज करावा तसं बोललो, "महोदया, मयताची बोटं आपल्याकडे आहेत, डोळे आहेत. मग चेहराही कुठेतरी असणारच!"

त्या हळूच म्हणाल्या, "काका, बोटं आणि डोळे कुलूपबंद असतात, ते कुणालाच बघता येत नाहीत. आणि चेहरा काढलाच नसेल तर कुठून येणार?"

"मग निदान नोंद तरी दुरुस्त करा. तिथे दुसऱ्याचं तोंड आहे!"

त्यांनी सवयीने नियम सांगितला, आणि सांगता सांगता त्याच ओशाळून समोरचे कागद चाळू लागल्या. मी त्यांचे आभार मानून बाहेर आलो.

संध्याकाळी परतलो तेव्हा वयनी ओट्यावरच बसल्या होत्या. माझ्या पिशवीकडे बघत होत्या. त्यांनी चहा आणून दिला. मग मी, गाढवासारखा, जे ऐकलं होतं तेच सांगून टाकलं.

"वयनी, फोटो बदलूक गावता. पण तेका दादान स्वतः येवक व्हया."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. मला काही कळत नाही म्हणून कीव आल्यासारख्या.

"ते येतले असते, भावजी, तर माका फोटो कित्याक व्हयो हुतो?"

मी मान खाली घालून चहा प्यालो. त्यात साखर घालायची त्या विसरल्या होत्या, पण मी बोललो नाही.