मास्तरांनी घेतलेलं इंजिनाचं माप

"सोमवारी मला भाऊ सोडेल," बायकोने टीप मारता मारता सांगितलं, आणि मास्तरांच्या ओठांतली टाचणी पोटात जाता जाता राहिली.

मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं सगळे त्यांना मास्तर म्हणत आले, पण शाळेची पायरी ते चढले होते ती गणवेशाची मापं घ्यायला. आता मुलींना शिवण शिकवायचं खरंखुरं बोलावणं आलं, तेही बायकोला. शाळा चढावर होती आणि नवाच्या ठोक्याला भरायची. मास्तरांच्या छोट्या, जुन्या गाडीला मात्र चढ नुसता दिसला तरी धाप लागायची.

"मी धडधाकट असताना भाऊ कशाला?"

"तुम्ही धडधाकट आहात हो. गाडीचं काय?"

मेहुण्याकडे नवी गाडी होती आणि तिचं कौतुक सांगायला न थकणारं तोंडही होतं. पहिल्या दिवशी बहिणीला त्याने पोचवलं असतं, तर पुढची वीस वर्षं मास्तरांना ती गोष्ट ऐकावी लागली असती. बायकोला आपण पोचवायचं, एवढीच त्यांची इच्छा. इच्छा रास्त असली की अक्कल बाजूला ठेवावी असा काही नियम नाही. पण मास्तरांनी तो मनापासून पाळला.

ते तडक फिटरकडे गेले. त्याला सगळे 'हातोडा' म्हणत, कारण त्याचं पहिलं औषध तेच असायचं. हातोड्याने गाडीच्या इंजिनावर कान ठेवला आणि मान हलवली.

"मास्तर, हे संपलं. पण भंगारवाल्याकडे एक टर्बोचं इंजिन आलंय. मोठी गाडी, मागून ठोकलेली. इंजिनाला ओरखडा नाही."

"टर्बो म्हणजे रे काय?"

"इंजिनातून जो धूर बाहेर पडतो ना, त्याच्या जोरावर एक पंखा फिरतो. तो आत हवा कोंबतो. मग काय, गाडी चढावर पळत सुटते. पण ते यात बसेल का, ते माप घेऊन बघायला लागेल."

'माप' म्हटल्यावर मास्तरांची छाती दोन इंच फुगली. गळ्यातली टेप काढून ते गाडीवर ओणवे झाले. रुंदी घेतली, लांबी घेतली, उंची घेतली. मग भंगारवाल्याकडे जाऊन टर्बोच्या इंजिनाचीही छाती-कंबर मोजली. "बसतंय," ते म्हणाले, "वर दोन बोटं सैलच होईल. माझं माप आजवर चुकलेलं नाही."

शुक्रवारी इंजिन आत उतरलं. हातोड्याने बॉनेट खाली ओढलं, ते वीतभर वरच अडकलं.

"मास्तर, उंची घेताना बॉनेट उघडं होतं का?"

"मग? बंद ठेवून आतलं दिसणार कसं?"

  टोपीचं माप घ्यायला कुणाचं डोकं उघडावं लागत नाही, हे मास्तरांच्या तेव्हा लक्षात आलं. पण शिंपी असा हात टेकत नाही. त्यांनी खिशातला खडू काढला, बॉनेटवर गोल आखला आणि म्हणाले, "इथे काज पाड."

काज पडलं. त्यातून टर्बोने डोकं बाहेर काढलं. टर्बोचे पाइप पुढे आले म्हणून रेडिएटर सरकवला; रेडिएटर सरकला म्हणून बॅटरीला जागा उरली नाही, तिची रवानगी डिकीत झाली. डिकीतलं जादा चाक मागच्या सीटवर येऊन पाहुण्यासारखं बसलं. इंजिनाच्या भाराने गाडीने नाक जमिनीला लावलं, म्हणून जाड स्प्रिंगा घातल्या, तर नाक असं वर झालं की दिवे झाडांच्या शेंड्यांकडे बघू लागले. "एवढी ताकद आली, तर थांबायलाही हवं," असं म्हणून हातोड्याने ब्रेकही मोठे बसवले. सबंध खटाटोपात शहाणपणाचं काम ते तेवढंच, आणि ते मास्तरांना सुचलेलं नव्हतं.

"एक लक्षात ठेवा," रविवारी किल्ली देताना तो म्हणाला, "हे दाबल्या दाबल्या उठत नाही. पाय ठेवायचा, धीर धरायचा. मग येतंय."

"चाळीस वर्षं पायावर पोट भरलंय," मास्तर म्हणाले. "मला पाय शिकवतोस?"

सोमवारी बायको शेजारी बसली. मागे मेहुणा आपल्या गाडीत तयारच. "भाऊजी, व्हा पुढे! मी आहेच मागे, लागलं तर!"

मास्तरांनी दात आवळून पाय दाबला. गाडी हलेना. अजून दाबला. हलेना. मग टर्बो जागा झाला आणि गाडीने अशी उडी घेतली की बायकोची पर्स मागच्या सीटवरच्या चाकाच्या मांडीवर जाऊन पडली. घाबरून मास्तरांनी पाय उचलला. गाडी जागीच मेल्यासारखी झाली. पुन्हा दाबला. पुन्हा उडी.

दोष इंजिनाचा नव्हता. चाळीस वर्षं पायमशीन चालवलेला पाय तो, टाच-चवडा, टाच-चवडा. जुन्या गाडीला ते कळतही नव्हतं. टर्बो मात्र मास्तरांचा प्रत्येक हेलकावा मनावर घेत होता. चढाच्या पायथ्यापर्यंत गाडी बेडकासारखी आली आणि तिथे बंद पडली. नवाला दहा कमी होते.

मेहुणा उतरला आणि आपल्या गाडीचं दार उघडून उभा राहिला. "ताई, चल. भाऊजी येतील सावकाश, संध्याकाळपर्यंत."

बायको उतरली. मास्तरांनी मान खाली घातली. मेहुण्याच्या गाडीचं दार लागल्याचा आवाज कानावर येईल म्हणून ते थांबले, तर त्यांच्याच बाजूचं दार उघडलं.

"सरका तिकडे."

"अगं, तुला लायसन्स..."

"तुमच्या आधी काढलंय. तुम्ही कधी किल्ली सोडलीत?"

ती गेली दहा वर्षं मोटरच्या मशीनवर शिवत होती. तिथे पाय हलवायचा नसतो, अलगद दाबून धरायचा असतो. तिने किल्ली फिरवली, पाय ठेवला आणि धीर धरला. टर्बो जागा झाला, शीळ घातली, आणि गाडी चढावर अशी निघाली की पहिल्या वळणाला मेहुणा आरशात दिसला, दुसऱ्या वळणाला दिसला नाही. मास्तरांनी दोन्ही हातांनी सीट धरली होती.

नवाला तीन मिनिटं असताना ती फाटकात उतरली, पदर नीट केला, किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"इंजिन झकास आहे हो," ती म्हणाली. "उद्यापासून तुम्ही नाही आलात तरी चालेल."

ती आत गेली. फाटकाजवळच्या खुर्चीतला पहारेकरी बॉनेटच्या भोकाकडे बघत होता.

"बाईंना सोडायला आलात?"

मास्तर खोटं बोलणार होते. पण सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं होतं.

"नाही. बाईंनी मला आणलं," ते म्हणाले. मग अगदीच राहवेना म्हणून पुढे म्हणाले, "पण इंजिन मी बसवून घेतलंय. माप माझं."

"अच्छा, तुम्ही मेकॅनिक?"

"शिंपी."

पहारेकऱ्याने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे. मग त्याने आपली खुर्ची उचलली आणि फाटकाच्या पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवली.